रागनहिल्ड ओले बाकेन

बाकेनबाईंनी भिंग कागदावर ठेवलं, उचललं, स्वेटरच्या टोकानं पुसलं आणि परत त्याच ओळीवर ठेवलं.

"सुनॅन्डा, माझी आई ओले कधीपासून झाली?"

सुनंदाबाई टेबलावरून वाकून बघू लागल्या. कागद त्यांनीच टाइप करून आणला होता. सगळ्यात वर ठळक अक्षरांत नाव होतं, रागनहिल्ड ओले बाकेन. खाली जन्म १८८८, मिनेसोटा, अमेरिका. मृत्यू १९५९, आल्बर्टा, कॅनडा. स्पेलिंग त्यांनी तीनदा तपासलं होतं. वावगं काही दिसेना.

"ओले म्हणजे तुमचे वडील ना?"

"वडीलच. सहा फूट उंची, झुबकेदार मिशा, खिशात तंबाखू. आई तशी नव्हती."

तेव्हा कुठे सुनंदाबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. फॉर्मवर 'पूर्ण नाव' असं होतं. हातानं आपलं सवयीनं आधी बाईचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव ठोकून दिलं. एकतीस वर्षं एडमंटनमध्ये काढली, त्यातली बावीस युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात टायपिंग करण्यात. पण 'पूर्ण नाव' म्हटलं की नागपूरच्या शाळेतल्या बाई अजून कानाशी बसलेल्याच होत्या.

"आमच्यात नवऱ्याचं नाव बायकोच्या नावाच्या मधे येतं," त्या इंग्रजीत समजावू लागल्या. "आता माझंच बघा. सुनंदा चारुदत्त पांढरीपांडे. चारुदत्त माझे मिस्टर."

"आणि त्याच्या नावाच्या मधे तू?"

"छे! त्यांच्या मधे त्यांचे वडील."

"असं आहे तर." बाकेनबाईंनी भिंग बाजूला ठेवलं. "काढ ओलेला तिथून. जिवंत होता तेव्हा काय कमी मधे मधे आला?"

ओट्यापाशी बशा वर्तमानपत्रात गुंडाळत असलेली अपूर्वा खुदकन हसली. अपूर्वा म्हणजे सुनंदाबाईंची सून. माहेरची ऑक्साना मेल्निक. पणजोबा युक्रेनहून येऊन इकडे शेती करू लागलेले, वडील शाळेत हॉकीचे कोच. पुष्करशी लग्न होऊन आता चार वर्षं होत आली होती. अपूर्वा हे नाव सुनंदाबाईंनीच निवडलेलं. ऑक्सानामध्ये ऑक्स आला, आणि ऑक्स म्हणजे बैल. लग्नाला नागपूरहून पंधरा माणसं येणार, त्यांच्यासमोर सुनेला बैल म्हणून का उभी करायची? पुष्करनं ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहिलं, पोरगी गोड हसली आणि सगळं कसं छान पार पडलं. ती दातांच्या दवाखान्यात काम करायची. गुरुवारी तिला सुट्टी असे. बर्फात गाडी चालवायची म्हटलं की सुनंदाबाईंचे हातपाय गळायचे, म्हणून दर गुरुवारी सासूला बाकेनबाईंकडे आणायचं काम सुनेनं आपण होऊन घेतलं होतं. नुसतं आणून सोडायची नाही, थांबायची, बाकेनबाईंचं सामान बांधू लागायची. 'शोधून सापडणार नाही अशी सून' असं सुनंदाबाई फोनवर सगळ्यांना सांगत, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

या गुरुवारच्या खेपांचं कारण एक पुस्तक होतं. त्या वर्षी, म्हणजे २००५ साली, आल्बर्टा प्रांताला शंभर वर्षं पूर्ण होत होती, आणि वस्तीतल्या लोकांनी ठरवलं होतं की इथल्या जुन्या सव्वीस घरांची माहिती गोळा करून एक पुस्तक काढायचं. प्रत्येक घराला एक पान. रिटायर झाल्यापासून सुनंदाबाईंच्या बोटांना काम नव्हतं, त्यांनी टायपिंग अंगावर घेतलं. पंचवीस घरांनी पान वाचून खाली सही करून दिली. सव्विसावं बाकेनबाईंचं. सोमवारी सगळं छापखान्यात जायचं होतं, आणि इंगा बाकेन, वय अठ्ठ्याऐंशी, निवृत्त नर्स, लग्न न केलेली, काही केल्या सही करत नव्हती.

"ओलेला काढला," सुनंदाबाईंनी पेन्सिलीनं नाव खोडलं. "आता करणार ना सही?"

"चौथी ओळ वाच."

चौथी ओळ सुनंदाबाईंना पाठ होती. ती बाकेनबाईंच्या भाच्यानं, रॉयनं, लिहून पाठवली होती. 'लग्नापूर्वी काही वर्षे तिने नातेवाइकांकडे घालवली.'

"कुठले नातेवाईक?" बाकेनबाई म्हणाल्या. "जेवढे होते तेवढे सगळे एकाच फार्मवर, एकाच छपराखाली झोपत होते. सतरा वर्षांची असताना तिनं ते घर सोडलं. तेवीसची झाली तेव्हा माझ्या वडिलांशी लग्न करून इकडे कॅनडात आली. मधे सहा वर्षं आहेत, सुनॅन्डा. १९०५ ते १९११. सहा वर्षं माणूस हवेत राहत नाही."

"त्यांनी कधी सांगितलं नाही?"

"नाही. एकदा एका मयतीला मावशी म्हणाली, रागनहिल्डनं फार सोसलंय, तिला विचारू नका. मग आम्ही विचारलं नाही. शहाणी मुलं होतो ना." त्यांनी कॉफीचा मग दोन्ही हातांनी धरला. "तुरुंगात होती? वेड्यांच्या इस्पितळात होती? मूल झालं आणि ते कुठं देऊन आली? मी चाळीस वर्षं नर्स होते, मी सगळं पाहिलंय. काहीही असू दे, मला लाज वाटणार नाही. पण हे 'नातेवाइकांकडे' छापलं की संपलं. पुढच्या शनिवारी मी लॉजमध्ये जाते, म्हाताऱ्यांच्या त्या एका खोलीत. मी मेले की तिला आठवणारं कुणी उरत नाही. उरणार ते हे पान. त्यावर खोटं नको."

सुनंदाबाईंनी पेन्सील खाली ठेवली. खोटं नको तर नको, पण सोमवारपर्यंत सहा वर्षं आणायची कुठून? पुस्तकाच्या समितीच्या हेमचंद्र कुलकर्णींचे दोनदा फोन येऊन गेले होते. पान तयार नसलं तर रिकामं सोडू, पंचवीस घरं तर पंचवीस, असं त्यांचं म्हणणं.

"रॉयनं हा एक डबा पाठवलाय," बाकेनबाई म्हणाल्या. "आईचा. इतकी वर्षं त्याच्या माळ्यावर होता. माझे डोळे आता हाताएवढं अक्षर वाचतात. तो म्हणाला, त्यात आपल्या कामाचं काही नाही."

बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. आत नॉर्वेजियन भाषेतलं बायबल, दात तुटलेला कंगवा, काळी रिबीन आणि चार घड्या घातलेला एक जाड कागद.

"हे काय?"

"ते मेरीचं."

"मेरी कोण?"

"कुणास ठाऊक. मी नऊ वर्षांची असताना तो कागद एकदा उघडला होता. आईनं हातातून काढून घेतला. म्हणाली, ते मेरीचं आहे. मी विचारलं, मेरी कोण? म्हणाली, होती एक. बास, तेवढंच. रॉयनं वरवर चाळलंय ते. कुणा मेरी नावाच्या मुलीचं कामाचं सर्टिफिकेट आहे म्हणे. आईची मैत्रीण असेल."

सुनंदाबाईंनी कागद उघडला नाही. घडीवर अंगठा ठेवून त्या तशाच बसल्या. घड्यांच्या रेघा मऊ पडल्या होत्या, कागद कितीदा तरी उघडून मिटलेला असणार.

"मिस बाकेन," त्या म्हणाल्या, "मैत्रिणीचं सर्टिफिकेट कुणी सांभाळतं का हो? तेही इतकी वर्षं? ज्याचं त्याला लागतं ते. माझ्या कपाटात एक सर्टिफिकेट आहे, मॅट्रिकचं, १९६२ सालचं. त्यावर नाव आहे उल्का. पुष्कर दहा वर्षांचा असताना त्याला ते सापडलं. मला म्हणाला, आई, हू इज उल्का?"

"आणि कोण होती?"

"मी."

ओट्यापाशी वर्तमानपत्राची कुरकुर थांबली.

"आमच्यात लग्नात नुसतं आडनाव बदलत नाही," सुनंदाबाई म्हणाल्या. "हौस असली तर पहिलं नावही बदलतात. उल्का म्हणजे आकाशातून पडते ती. जळत पडते. सासूबाई म्हणाल्या, असलं नाव घरात नको, घरावर काही पडायला नको. झाले सुनंदा. पहिले चार दिवस त्या हाक मारायच्या आणि मी आपली इकडेतिकडे बघायची, कुणाला बोलावतायत म्हणून! सगळे हसायचे. मीही हसायची."

हे त्या नेहमीच रंगवून सांगत. महाराष्ट्र मंडळात तर या किश्शावर हमखास हशा यायचा. आज बाकेनबाई हसल्या नाहीत.

"पुष्करला काय सांगितलंस?"

सुनंदाबाईंना ते आठवायला वेळ लागला.

"म्हटलं, होती एक."

बाकेनबाईंनी कॉफीचा मग टेबलावर ठेवला. थोडी कॉफी सांडली ती कुणी पुसली नाही.

"वाच," त्या म्हणाल्या.

कागदावरची शाई पिवळट तांबूस पडली होती आणि अक्षर बारीक, तिरकं, एकात एक गुंतलेलं. सुनंदाबाईंनी दोन शब्द लावून पाहिले आणि चष्मा काढला. "अपूर्वा, तुझे डोळे तरणे आहेत. इकडे ये बाई."

अपूर्वानं हात पुसले, खिडकीपाशी उजेडात उभी राहिली आणि सावकाश वाचू लागली.

"'ज्यांच्याशी संबंध असेल त्यांस. मेरी आमच्या घरी ऑक्टोबर १९०५ पासून सहा वर्षे कामास होती. लग्न करून ती कॅनडात जात आहे, म्हणून हे पत्र देत आहे.'"

"सहा," बाकेनबाई म्हणाल्या.

"'आमच्याकडच्या सगळ्या मुलींना आम्ही...'" अपूर्वा अडखळली. तिनं ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली. "'आमच्याकडच्या सगळ्या मुलींना आम्ही मेरी म्हणतो, त्यामुळे मुलांना दर खेपेस नवे नाव शिकावे लागत नाही. ही आमची तिसरी मेरी. नॉर्वेजियन असली तरी स्वच्छ आहे. पहाटे साडेचारला शेगडी पेटवते. जजसाहेबांच्या शर्टांना तिच्यासारखी इस्त्री दुसऱ्या कोणत्याही मेरीने केलेली नाही. चोरी नाही, उलट उत्तर नाही. सुरुवातीस तिला काम करताना गाण्याची खोड होती. ती आम्ही मोडली.'"

"परत वाच."

"'सुरुवातीस तिला काम करताना गाण्याची खोड होती. ती आम्ही मोडली.' मग खाली सही आहे. मिसेस हायरम कोल्बी."

बाहेर कुणीतरी फूटपाथवरचा बर्फ शोव्हल करत होतं, फावड्याचा खरखर आवाज येत होता. बाकेनबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या, पण त्यांना त्या खिडकीतून फारसं काही दिसत नसे.

"ती ओठ हलवायची," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"आई. गाईचं दूध काढताना, ब्रेड मळताना, इस्त्री करताना. ओठ सारखे हलायचे. आवाज नाही, काही नाही. आम्हाला वाटायचं, प्रार्थना करते. सगळ्यांनाच वाटायचं. एकदा पास्टरनं भर चर्चमध्ये सांगितलं, मिसेस बाकेनकडे बघा, हातात काम असतानाही एक क्षण देवाला विसरत नाही. आई मान खाली घालून बसली होती. मी सात-आठ वर्षांची असेन. मीही भांडी घासताना ओठ हलवायला शिकले. तिच्यासारखी भाविक व्हायचं म्हणून."

सुनंदाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. बाकेनबाईंचा हात टेबलावर होता, त्यावर त्यांनी आपला हात ठेवला. बाकेनबाईंनी तो काढून घेतला नाही, पण थोड्या वेळानं म्हणाल्या, "पुरे. कागद घे. लिहायला बस."

सुनंदाबाईंनी चौथी ओळ खोडली आणि पेन्सील सरसावली.

"लिही. १९०५ ते १९११ या काळात ती मिनेसोटात एका जजच्या घरी हायर्ड गर्ल होती."

पेन्सील अडखळली. हायर्ड गर्ल, म्हणजे सरळ सरळ मोलकरीण. छापील पुस्तकात, बाकीच्या पंचवीस घरांत कुणी मेयर, कुणी डॉक्टर, कुणी गिरणीचे मालक. "'घरकामात मदत करीत असे' असं लिहू का? जरा बरं दिसेल."

"मदत शेजारीण करते. तिनं काम केलं. पहाटे साडेचारपासून. हायर्ड गर्ल लिही."

सुनंदाबाईंनी लिहिलं.

"पुढे लिही. त्या घरात तिला मेरी म्हणत. तिचं नाव रागनहिल्ड होतं. तिला गाणी येत होती."

"कुठली गाणी?"

बाकेनबाईंनी खूप विचार केला. इतका, की सुनंदाबाईंना वाटलं आता एखादं आठवतंय.

"ते लिही," त्या म्हणाल्या. "कुठली गाणी, ते तिच्या मुलांना माहीत नाही."

सगळं लिहून झाल्यावर सुनंदाबाईंनी मोठ्यानं वाचून दाखवलं. बाकेनबाईंनी भिंग घेऊन फक्त वरचं नाव पाहिलं. रागनहिल्ड बाकेन. मधे खाडाखोड, बाकी ठीक. खाली त्यांनी सही केली. मग काहीतरी सुचून म्हणाल्या, "त्या बाईनं सही काय केलीय म्हणालीस?"

"मिसेस हायरम कोल्बी," अपूर्वा म्हणाली.

"हायरम म्हणजे तो जज. तिचं स्वतःचं नाव नाहीच कुठं." त्यांच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला. "तुझं बरं, सुनॅन्डा. तू निदान बाईचं नाव आधी लिहिलंस."

निघताना बाकेनबाई काठी टेकत दारापर्यंत आल्या. दोघी बूट चढवत होत्या. अपूर्वानं खाली वाकून सासूच्या बुटाची चेन लावून दिली. मार्च महिना असला तरी पायरीवर अजून बर्फाचा थर होता, आणि सुनंदाबाईंना जाड कोटात वाकता येत नसे.

"पोरी, तू छान वाचतेस," बाकेनबाई म्हणाल्या. "घाई करत नाहीस. तुझं नाव काय म्हणालीस?"

अपूर्वानं आधी सुनंदाबाईंकडे पाहिलं. अगदी क्षणभर. मग म्हणाली, "अपूर्वा."

"त्याचा अर्थ काय?"

"पूर्वी कधी नव्हती अशी." हे तिला सुनंदाबाईंनीच शिकवलं होतं, आणि तिनं ते पाठ केलेलं नीट म्हणून दाखवलं.

"हं," बाकेनबाई म्हणाल्या, आणि दोघी पायऱ्या उतरेपर्यंत दार धरून उभ्या राहिल्या.

गाडीत हीटर सुरू झाला. काचेवर चिखलाचं पाणी उडत होतं, वायपर ते पुसत होता. सुनंदाबाई कागदाचं पाकीट मांडीवर धरून बसल्या होत्या. काम फत्ते झालं होतं, सोमवारी सव्वीस पानं छापखान्यात जाणार होती. एरवी एव्हाना त्यांनी चारुदत्तना फोन लावून सगळी हकीकत तिखटमीठ लावून सांगितली असती. आज त्यांना तोंड उघडावंसं वाटत नव्हतं. सुनेनं उत्तर देण्याआधी आपल्याकडे पाहिलं, ते काही केल्या डोळ्यांसमोरून हलेना. ते पाहणं त्यांच्या ओळखीचं होतं. नागपूरच्या घरात कुणी पाहुणा नाव विचारी, तेव्हा नव्या सुनंदाची मान अशीच आधी सासूबाईंकडे वळायची. बरोबर सांगतेय ना, म्हणून.

पण आपण प्रेमानं ठेवलं, त्यांनी स्वतःला सांगितलं. अगदी हौसेनं. आठ दिवस पुस्तकं चाळून काढलं होतं नाव. सासूबाईंनीसुद्धा काही दुष्टपणानं नव्हतं ठेवलं, हेही लगोलग आठवलं, आणि ते आठवून काही बरं वाटलं नाही.

सिग्नल लाल झाला. गाडी थांबली.

"ऑक्साना," सुनंदाबाई म्हणाल्या.

सुनेनं गर्रकन मान वळवली. चेहरा पार उतरला होता.

"आई, काय झालं? डिड आय डू समथिंग?"

"नाही ग बाई! हाक मारली नुसती."

"तुम्ही कधीच तसं..." तिनं वाक्य अर्धंच सोडलं. दोघी इंग्रजीतच बोलत, तिच्या बोलण्यात अधूनमधून एखादा मराठी शब्द पेरलेला असे. "मला वाटलं, माझं काही चुकलं. म्हणून परत ऑक्साना."

शिक्षा म्हणून हिला हिचं नाव परत मिळालं, असं हिला वाटलं. सुनंदाबाईंनी पाकिटाच्या कडा सारख्या केल्या.

"पुष्कर घरी काय म्हणतो तुला?"

"ऑक्साना." ती थोडीशी हसली. "तुम्ही दोघं येणार असलात की अपूर्वा."

"तेव्हा राग आला होता? लग्नात?"

"नो, नो. इट वॉज ब्यूटिफुल. ते तांदूळ, ती अंगठी, पुष्करचा हात किती थरथरत होता. मला खरंच आवडलं होतं, आई."

"मग?"

ती समोरच्या लाल दिव्याकडे बघत राहिली. बोलू की नको, असं तिचं चाललं होतं. सुनंदाबाईंनी मधे तोंड घातलं नाही. असं त्यांना आयुष्यात फार थोड्या वेळा जमलं होतं.

"मला वाटलं होतं, ते त्या दिवसापुरतं असतं," ती म्हणाली. "कपाळाला त्या मोत्यांच्या माळा बांधल्या होत्या ना, तसं."

"मुंडावळ्या."

"हां, मुंडावळ्या. त्या संध्याकाळी सोडून डब्यात ठेवल्या. मला वाटलं, नावही तसंच ठेवून द्यायचं."

सिग्नल हिरवा झाला. तिनं दोन्हीकडे पाहून गाडी हळूच पुढे घेतली.

"मग लग्नानंतरच्या सोमवारी तुमचा फोन आला. म्हणालात, हॅलो अपूर्वा, जेवलीस का? इतक्या मायेनं विचारलंत." तिनं वायपर बंद केला. "मी म्हटलं, हो आई, जेवले."